आठ मीटरचं गिरमिट

पहिल्या मीटरला माती अजून ओळख दाखवते.
गेल्या आठवड्यातली एक सर, मुळांचे केस,
एक गांडूळ, अर्धं कापलेलं. माफ कर.
दुसऱ्या मीटरला ती बोलायची थांबते.
तिसऱ्यापासून नुसतं पीठ,
भाजलेल्या धान्याचं, पिवळं,
मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही.

ओउयांगबाई म्हणतात, अजून.
मी दांड्याला दांडा जोडतो, फिरवतो.
गान्सूच्या या उतारावर, मूच्यावानच्या वर,
रोजचे ऐंशी युआन मिळतात मला
आणि बाईंच्या डब्यातलं एक उकडलेलं अंडं.

माती ॲल्युमिनियमच्या डबीत भरायची.
डबी तोलायची. रात्रभर भट्टीत ठेवायची.
सकाळी परत तोलायची.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाणी.
डबी एकशे बेचाळीस: फरक जवळजवळ नाहीच.
बाईंनी चष्मा पुसला, काटा शून्यावर आणला,
पुन्हा तोलली.
काटा काही लाजला नाही.

हे सगळं आम्हीच लावलेलं.
मी नऊ वर्षांचा, शाळेला सुट्टी,
आईच्या कमरेला ओल्या गोणपाटात रोपं:
विलायती ह्वाय, काटेरी, वाढायची घाई असलेलं.
उतार नांगरायचा नाही, झाडं लावायची,
बदल्यात सरकारी गहू.
माती वाहायची थांबली, हे खरं.
घळीतलं पिवळं पाणी निवळलं.
मग बारीक झालं.
मग एका सकाळी झऱ्यावर गेलेली चुलती
रिकामी बादली घेऊन परतली,
ती दारामागं उपडी ठेवली
आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं माणसं संशयानं म्हणतात.
आमच्याकडे संशय उलटा:
कुठंच मुरत नव्हतं.
पडेल तेवढं झाडं वरच्यावर झेलत होती,
आणि खालचं उपसत होती,
पणजोबांच्याही आधी जिरलेलं.
तरी शेंडे वाळलेलेच. वीस-बावीस वर्षांची झाडं
माझ्या खांद्याला लागतात.
गावात त्यांना म्हणतात म्हातारी पोरं.

परवा गावसमितीच्या खोलीत बाईंनी कागद वाचला.
तिनातलं एक ठेवा, दोन काढा.
बकऱ्यांवाला थ्येन उठला:
तेव्हा तुम्हीच सांगितलंत, लावा.
बाई म्हणाल्या, मी तेव्हा शाळेत होते.
थोडं थांबून म्हणाल्या, पण हो.
ते ‘पण हो’ मी घरापर्यंत सांभाळून आणलं.

आज लाल रंगाचा डबा घेऊन मी खुणा करत फिरतोय
आणि मागून आई, ल्येनफांग, गुडघ्यावर हात ठेवत.
वाटलं, भांडणार.
तिनं नखानं साल टोकरली, बोट जिभेला लावलं.
हे तुझ्या बापानं वाकडं लावलं. काढ.
हे माझंच. काढ.
हे राहू दे, मेमध्ये फुलांनी लवतं,
पिठात घोळून वाफवते ती तुला आवडतात.
एकापाशी ती खूप वेळ उभी राहिली.
काढही म्हणाली नाही, ठेवही नाही.
मी ब्रश पाठीमागं धरला.
पुढं गेलो.

संध्याकाळी अंगणातल्या पाणतळघरात तिनं बादली सोडली.
तळाला टेकेपर्यंत सुटलेला दोर मोजला,
मग दोराचा ओला भाग मोजला.
आठवड्यात दीड हात उतरलं, म्हणाली.
बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं,
डबी नाही, भट्टी नाही, तरी.

मग आईनं विचारलं,
झाडं काढल्यावर ओल तुझ्या त्या तिसऱ्या मीटरला
कधी पोचायची?
पाऊस बरा झाला तर, बाई म्हणाल्या,
पंधरा वर्षं. कदाचित जास्त.
आईनं बोटांवर हिशेब केला.
म्हणजे मी पंच्याहत्तर.
दोर गुंडाळून खुंटीला अडकवला.
चुलतीला सांग, ती बादली घासून ठेव.